कापशीचं पथ्यपाणी

सुनेने श्वास रोखला, मान वळवली आणि वर्तमानपत्राच्या तुकड्याने तो ओकलेला केसांचा गोळा सतरंजीवरून उचलला. कागदातूनही तो कोमट लागला.

"आजही?" नवऱ्याने दाराबाहेरूनच विचारलं. आत यायची त्याची छाती नव्हती.

"दोन दिवसांआड ठरलेलंच आहे आता."

पलंगावर सासूबाई पांढऱ्याशुभ्र कापशीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "मुकं जनावर ते," त्या म्हणाल्या आणि डोक्याचा रुमाल त्यांनी कानांवर ओढून घेतला. सासरे गेल्यापासून त्यांना सारखं गार वाजायचं. जेवण चार घासांवर आलं होतं. जिवाभावाची म्हणावी अशी ती मांजर तेवढी उरली होती.

सून कापशीला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

"मांजराची जीभ काटेरी असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चाटलेला केस थुंकता येत नाही, तो पोटातच जातो. खाण्यात चोथा असला तर खालून निघून जातो, नाहीतर गोळा होऊन वरून येतो. उकडलेला लाल भोपळा चमचाभर कालवा, माशाचं तेल थेंबभर घाला. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. आणि रोज विंचरा."

"इतकं करूनही ओकली तर?"

"तर गोळा घेऊन या. मला बघू दे."

ती घाण डबीत भरून न्यायची, या कल्पनेनेच सुनेला शिसारी आली. ते ती कधीच करणार नव्हती.

बाकी मात्र तिने काटेकोरपणे केलं. माशाच्या तेलाचा वास बोटांना असा चिकटायचा की दोनदा साबण लावूनही तिला स्वतःच्या हाताने घास घेववायचा नाही. कापशी मात्र ताटली चाटूनपुसून साफ करायची. महिन्याभरात तिचं अंग चकाकू लागलं. गळणं इतकं कमी झालं की ब्रशला जेमतेम चार केस लागत.

गोळे थांबले नाहीत. तीच सतरंजी, पलंगाशेजारचा तोच कोपरा. एकदा पाहुण्यांदेखत त्या खोलीतून आंबूस वास बाहेर आला, आणि सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता माझ्याच्याने होत नाही," तिने नवऱ्याला सांगितलं. "मांजर तरी राहील, नाहीतर मी तरी."

मांजर नणंदेकडे पाठवायचं ठरलं. सासूबाईंनी कापशीच्या मानेत बराच वेळ तोंड खुपसून ठेवलं.

"मी पुसत जाईन ना," त्या हळूच म्हणाल्या. "तू हात लावू नकोस."

"प्रश्न पुसण्याचा नाही, आई. ती आजारी आहे."

सासूबाईंनी डोक्याचा रुमाल आणखी पुढे ओढला. मग स्वतःच्या हाताने मांजर टोपलीत ठेवली.

आठव्या दिवशी सकाळी नणंदेचा फोन आला. सून सासूबाईंचा चहा घेऊन त्यांच्या खोलीकडेच निघाली होती. तिने फोन कानाशी दाबून धरला.

"वहिनी, काय गं, धडधाकट मांजर आजारी म्हणून माझ्या गळ्यात मारलीस? आठ दिवसांत एकदाही ओकली नाही. लोण्यासारखं अंग आहे तिचं. काय खायला घालत होतीस?"

"भोपळा," सून हसून म्हणाली. मनावरचं मोठं ओझं उतरलं. आईंनाही बरं वाटेल ऐकून, म्हणून तिने खांद्याने दार ढकललं आणि आत पाऊल टाकलं.

तिच्या अनवाणी टाचेखाली काहीतरी ओलं, कोमट पिचकलं. पलंगाच्या कडेला सासूबाई घाईघाईने रुमालाने तोंड पुसत होत्या. उघड्या डोक्यावर जागोजागी टक्कल पडलं होतं आणि ओठाच्या कोपऱ्यातून एक लांब पांढरा केस लोंबत होता.