दुसरी बाटली

लघवीची बाटली दवाखान्यातल्या लॅबच्या खिडकीत ठेवून शरयू बाकावर टेकली. मूत्राशयाच्या दुखण्याने ती पार पिचून गेली होती, आणि रिपोर्ट मात्र दरवेळी चांगले. "नसती थेरं!" सासूबाई म्हणायच्या.

यावेळी डॉक्टरीणबाई संशोधनासाठी लघवीतली, अशा दुखण्यात वाढणारी पण नेहमीच्या तपासणीत न दिसणारी प्रथिनं तपासणार होत्या. तुलनेला घरातलीच एक ठणठणीत बाई हवी होती. सासूबाई तोऱ्यात दुसरी बाटली भरून आल्या.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. "शरयूताई, प्रथिनं वाढलेली आहेत. तुमचं दुखणं खरं आहे." शरयूला रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"पण आजी, तुमचीही तेवढीच वाढलीत. तुम्हाला दुखत नाही?"

सासूबाई गोंधळून सुनेकडे वळल्या. "दुखतं की. पण ते सगळ्याच बायकांना दुखतं ना?"