दार हिकडं

"पिराजी, बाजूला सर की! सावली पडतीया तुझी," मीरासाब ओरडला.

पिराजी सरकला. मीरासाबनं गुडघे टेकले आणि खडकातल्या गोल खळग्याचा फोटो घेतला. खळगा वीतभर खोल, आतनं गुळगुळीत. त्यात वळवाचं पाणी साचलेलं. शाहूपुरीत मीरासाबचा फोटो स्टुडिओ होता. डोंगर भटकायचा नाद त्याला नृसिंहनं लावला होता.

नृसिंह वही काढून उभा होता. गेल्या वर्षी तो याच खोऱ्यातनं गेला होता आणि कोल्हापूरच्या त्यांच्या भटक्या मंडळाच्या पुस्तिकेत त्यानं चार पानं लिहिली होती. 'निसर्गाने कोरलेली वाटी' हे शब्द त्याचेच. 'नैसर्गिक पायऱ्या' आणि 'रानतुळशीचे ताटवे' हेही त्याचेच. शेवटचं वाक्य तर त्याचं फारच लाडकं होतं : 'या खोऱ्यात मनुष्यवस्ती कधीच नव्हती.' मंडळाच्या बैठकीत त्या वाक्याला टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या एकानंही खोरं बघितलेलं नव्हतं.

पिराजीला त्यांनी शोधलं नव्हतं. आठवड्यापूर्वी तोच नृसिंहच्या दारात येऊन उभा राहिला. "खोऱ्यात चला, पावणं. वाट दावतो. पैसं नगंत." खेडवळ माणूस, भाबडा असणार, असं नृसिंहनं ठरवून टाकलं. शिकलेली माणसं असलं फार पटकन ठरवतात.

सकाळी चढणीवर पिराजीनं सगळं सांगितलंही होतं.

"सोमवारी कचेरीत तारीख हाय आमची. अकरा घरं. धरनात शेतं बुडाली, घरं वर ऱ्हायली. तरी उठवलं. शिरोळकडं जमीन देतो म्हनले. आता म्हनत्यात, तितं वस्ती न्हवतीच. मग जमीन कसली?"

"कुठलं गाव तुमचं?"

"हितलंच की."

"बरं," नृसिंह म्हणाला आणि चढणीला लागलेला वेळ त्यानं वहीत टिपला. हितलंच म्हणजे खाली कुठंतरी, डांबरी सडकेच्या कडेला, असं त्यानं धरलं.

पिराजीच्या धोतराच्या सोग्यात गुळाचा खडा बांधलेला होता. मीरासाबनं तो दोनदा मागितला. दोन्ही वेळा पिराजीनं सोगा मागं ओढला.

"गूळ काय सासुरवाडीला न्यायला लागलाईस व्हय रं?"

"पावण्यास्नी हाय."

"मग आमी कोन? दरोडेखोर?"

"अजून कुटं पोचलाईसा," पिराजी म्हणाला.

दुपारी उन्हाच्या वक्ताला रान एकदम उघडलं. सपाट मोकळी जागा होती. तिच्या कडेनं फणसाची चार झाडं, एका रांगेत. मधे कमरेएवढं वाढलेलं गवत. पिराजीनं पायतान काढलं आणि जोड नीट शेजारी-शेजारी लावून ठेवला. मग तो कमरेत वाकला, दोन पावलं तसाच पुढं गेला आणि सरळ उभा राहिला. त्याच्या डोक्यावर साधी फांदीसुद्धा नव्हती.

मीरासाब हसला. "उन्हानं फिरलं काय म्हाताऱ्याचं?"

नृसिंहचं तिकडं लक्षच नव्हतं. जागा बघून तो खूश झाला. "झकास! राहुटी इथंच मारू," म्हणत, पाठीवरची पिशवी सावरत, बुटानं गवत तुडवत तो सरळ पुढं निघाला.

"तितनं नगा, पावणं!"

पिराजी एवढ्यानं ओरडला की नृसिंहचा उचललेला पाय तसाच राहिला. साप असणार, त्याला वाटलं.

"काय आहे?"

"भित्त हाय तितं. दार हिकडं."

नृसिंहनं खाली बघितलं. गवताच्या मुळाशी दगडांची ओळ होती. तो नजरेनं ओळीमागं गेला. ओळ कोपऱ्यावर काटकोनात वळली, पुढं पुन्हा वळली आणि पिराजीच्या पायतानापाशी हातभर तुटली. मागच्या अंगाला तुळस माजली होती. त्याच्या चार पानांतली रानतुळस.

"ती खडकातली वाटी..." त्यानं विचारलं.

"उखळ हाय. आई भात कांडायची."

मीरासाबनं कॅमेरा गळ्यातनं काढून पिशवीत घातला. बूट आधी त्यानंच काढले. मग नृसिंहनं काढले. दोघं वळसा घालून पिराजीच्या पायतानापर्यंत आले आणि तिथनं, एवढे उंच दोघं, वाकून आत गेले.

पिराजीनं गुळाचा खडा दगडावर फोडला. दोघांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. खांद्याला अडकवलेल्या पाण्याच्या वाळक्या भोपळ्यातनं दोघांच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"बसा. सोप्यात हाईसा तुमी," तो म्हणाला. "तुमचं पुस्तक कचेरीत दावत्यात आमास्नी. छापलेलं हाय म्हनत्यात. आमी काय छापलेलं न्हाय. पर माझ्या घरचं पानी प्यालाईसा. सोमवारी तेवढंच सांगा."

सोमवारी कचेरीत साहेबानं पुस्तिका उघडून नृसिंहपुढं सरकवली. पिराजी दाराशी उभा होता. त्याच्यामागं दहा घरांची दहा माणसं.

"खाली नाव तुमचंच ना?"

"माझंच."

"वस्ती कधीच नव्हती, हे तुम्हीच लिहिलंय. आणि आता म्हणता, घरात बसून पाणी प्यालो. अहो, एकाच जागी दोनदा गेलात. मग गेल्या वर्षी घर दिसलं कसं नाही?"

नृसिंहनं एकदा पिराजीकडं बघितलं.

"गेल्या वर्षी मी भिंतीतनं गेलतो, साहेब."