कपाटामागची ओल

"भिंत ओली आहे, पण पाणी येतंय कुठून तेच कळत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ओल मोजायचं यंत्र पुन्हा भिंतीला टेकवलं. यंत्र पुन्हा किरकिरलं.

"पण बुरशीच आहे ना ही? नक्की?" काकूंनी विचारलं.

"आहे की. चांगली पोसलेली आहे."

काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. घरोघरची बुरशी काढण्याच्या धंद्यात बाईंनी तऱ्हेतऱ्हेचे चेहरे पाहिले होते. नाक मुरडणारे, घाबरलेले, घरमालकाच्या नावाने बोटं मोडणारे. भिंतीवरचा काळा डाग बघून खूश झालेलं माणूस त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

कारण होतं काकांचा खोकला. थंडीच्या आधी सुरू झाला तो हटायचं नाव घेईना. डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या आणि जाता जाता काकूंना म्हणाले म्हणे, घरात कुठे बुरशी असली तरी असं होतं. तेव्हापासून काकूंनी घर पालथं घातलं होतं. बुरशी असली तर ती काढता येते. नसली, तर खोकल्याचं कारण काकांच्या छातीतच शोधायचं, आणि तो विचार काही सोसवत नाही, असं काकूंनी बाईंना सांगितलं होतं. शेवटी काकांनीच एक दिवस सुचवलं, कपाट सरकवून बघू या. मागे हा डाग.

"आजच काढून टाका. मग खोकला जाईल, हो ना?"

"त्यानेच येत असेल तर जाईल. पण आधी पाणी सापडू दे, काकू. पाणी बंद केल्याशिवाय मी बुरशीला हात लावत नाही. नाहीतर मी दाराबाहेर पडायचा अवकाश, ती परत हजर."

"हिच्या माहेरच्यांसारखी," काका कपाटाला लागूनच्या पलंगावरून म्हणाले. हसले आणि मग बराच वेळ खोकत बसले. त्यांचा सगळा जन्म चष्मे करून देण्यात गेला होता आणि स्वतःचा चष्मा मात्र कायम नाकाच्या टोकावर घसरलेला असायचा.

बाईंनी कपाटाभोवतीचा कोपरा जाड प्लास्टिकच्या पडद्याने बंद केला, आतली हवा खिडकीबाहेर ओढणारा पंखा लावला आणि तोंडावर मास्क चढवून त्या आत शिरल्या. पडदा झोपलेल्या मांजराच्या पोटासारखा हलके वरखाली होऊ लागला. दुपारचा उजेड त्यातून दुधाळ होऊन आत झिरपत होता. पंख्याच्या घरघरीत बाहेरचं बोलणं विरून जायचं, नुसता सूर तेवढा उरायचा. कामाची ही घटका बाईंना फार आवडायची. आपण जागे आहोत की दुसऱ्याच कुणाच्या झोपेत शिरलो आहोत, तेच कळायचं नाही.

पलीकडे काकू काकांची पाठ चोळत होत्या. पडद्यातून बघताना दोघांच्या कडा पुसट झाल्या होत्या. कुणाचा हात कुठे संपतो ते कळत नव्हतं.

बाईंनी छत तपासलं. कोरडं. जमीन तपासली. कोरडी. भिंतीतून नळ जात नव्हता. ओल वरून उतरत नव्हती की खालून चढत नव्हती. भिंतीच्या मधूनच सुरू होऊन ती खाली ओघळली होती. बाई चक्रावल्या.

बाहेर येऊन त्यांनी मास्क काढला. "आज नाही जमायचं. भिंत फोडून बघावी लागेल."

काकूंचा चेहरा उतरला.

"अगं, चहा टाक की," काका म्हणाले. "ताईंचा घसा सुकला असेल."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. भांड्याचा आवाज आल्यावर काका पुढे झुकले.

"भिंत फोडू नका. पाणी मी ओततो."

"काय?"

"उशाशी पाण्याचा जग असतो. पहाटे ही झोपेत असते तेव्हा कपाटामागे हात घालतो आणि रिकामा करतो. हात पोचतो तिथून ओल सुरू."

"अहो पण का?"

"डॉक्टरांना मी एकटा भेटून आलोय. जे आहे ते छातीतच आहे आणि ते काढता येण्यासारखं नाही. ही मात्र विजेरी घेऊन घरभर बुरशी शोधत फिरायची. सापडायची नाही, आणि रोज थोडी थोडी खचायची. म्हटलं, सापडू दे हिला काहीतरी. आता हसते हो. मी आहे तोवर हसू दे."

बाईंना आधी राग आला. आजारी छातीजवळ कुणी बुरशी पोसतं का! मग डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"काकू, सापडलं पाणी!" त्यांनी मोठ्याने हाक दिली. "भिंतीत जुनी नळी होती. बंद केली."

कामात त्या कधीच खोटं बोलल्या नव्हत्या. मग त्यांनी भिंत खरवडली, घासली, औषध लावलं, निघालेला गाळ पिशव्यांत बांधला. काका पडल्या पडल्या सूचना देत होते आणि काकू त्यांना गप्प बसवत होत्या. निघायच्या वेळी नको नको म्हटलं तरी काकू एक पिशवी उचलून गाडीपर्यंत आल्या.

"नळीबिळी काही नव्हती ना, ताई?"

बाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"डॉक्टर बुरशीचं काही म्हणालेच नव्हते. त्यांनी मला सगळं आधीच सांगितलं होतं. ह्यांनी हाय खाऊ नये म्हणून बुरशीची हूल मीच उठवली." काकूंनी वर खिडकीकडे पाहिलं आणि पदराने नाक पुसलं. "पहाटे हे उठतात ना, तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेते. त्यांना वाटतं, मला झोप लागते. अहो, तो जग रोज काठोकाठ भरून मीच ठेवते."