ओव्हरथ्रोचा दुसरा रन

अंपायर इंद्रजितने उजवा हात वर करून पाच बोटं दाखवली आणि मैदानावरचा गोंगाट एकदम थांबला.

शेवटचा चेंडू होता. जिंकायला सहा रन हवे होते. पाच झाले तर बरोबरी, आणि बरोबरीत बक्षिसाचा बोकड पांढरकवड्याच्या संघाला, कारण त्यांच्या विकेटा कमी पडल्या होत्या. इंद्रजितचा धाकटा भाऊ रवी एक रन पूर्ण करून दुसऱ्यासाठी वळला, तेवढ्यात फिल्डरने फेकलेला चेंडू कोणाच्याच हाती न लागता सुसाट निघाला आणि सीमेवर रचलेल्या कापसाच्या पऱ्हाटीत घुसला. भाव नाही म्हणून त्या वर्षी मुकुटबनला कापूस लवकरच उपटला होता. मोकळ्या वावरात निदान क्रिकेट तरी पिकत होतं.

चौका आणि पहिला रन सगळ्यांनाच मान्य होता. भांडण दुसऱ्या रनचं. चेंडू फिल्डरच्या हातातून सुटला त्या क्षणी दोन्ही बॅट्समन एकमेकांना ओलांडून गेले असतील तरच तो धरायचा, नाहीतर नाही.

गावाकडच्या क्रिकेटात अंपायर बॅटिंगवाल्यांचाच असतो. आउट झालेला कोणीतरी जाऊन उभा राहतो, आणि ज्याचं खावं त्याचं गावं हे त्याला शिकवावं लागत नाही. इंद्रजितला शिकवायला हवं होतं.

"सहा हायेत बे!" कॅप्टन कपिलने त्याची कॉलर धरली. "दिसत नाही काय तुले?"

"दिसलं म्हणूनच पाच. क्रॉस नव्हते झाले."

पहिली थप्पड कपिलची. मग कोणीतरी स्टंप उपटला. इंद्रजित खाली बसला तेव्हा त्याच्या नाकातून रक्त गळत होतं.

"रवी, तूच सांग. क्रॉस झालता का नाही?" कपिलने विचारलं.

"झालतो," रवी जमिनीकडे पाहत म्हणाला.

पलीकडे पांढरकवड्याचा बाबूसिंग आणि त्याची पोरं बोकड टेम्पोत चढवत होती. त्यांना हवा तो निकाल मिळाला होता; निकाल देणाऱ्याचं काय चाललंय हे पाहायला एकही मायचा लाल थांबला नाही. पण टेम्पो अजून निघाला नव्हता. अंपायरने शब्द फिरवला असता तर बोकड उतरवता आला असता.

कपिलने बॅट रवीच्या हातात दिली. "भाऊ तुयाच हाये. तूच समजाव."

संघातल्या दोघांनी इंद्रजितला पालथं पाडून त्याचा उजवा हात पिचवर दाबून धरला. रवीने बॅट मारली. हळू मारली, म्हणून कपिलने त्याच्या कमरेत लाथ घातली. दुसऱ्यांदा त्याने हळू मारली नाही. वाळली पऱ्हाटी मोडावी तशी बोटं मोडली.

रवी गुडघ्यांवर बसला आणि भावाच्या कानाशी वाकला. तो रडत होता.

"मले मालूम हाये दादा, मी क्रॉस नव्हतो झालो. पण आता सहा म्हण ना. नाही तं मले आणखी मारा लागन."

इंद्रजितने डावा हात पुढे सरकवला आणि पाचही बोटं पसरून त्याच्यासमोर मातीवर ठेवला.