गौतमची म्हैस

“नवी म्हैस आणली की आल्या दिवशीच तिचं नाव बदलावं,” मेधाबाईंनी संगणकावरून मोठ्यानं वाचलं आणि भगवंतरावांकडे पाहिलं. “तुमच्या नातवानं लिहिलंय. खरं आहे का हे?”

भगवंतराव खो खो हसले. शहरात, काचीगुड्याला राहायला येण्याआधी गावी त्यांच्या दावणीला बारा म्हशी होत्या. “म्हशीचं नाव कशाला बदलायचं ओ बाई? बिलकुल खोटं आहे हे.”

गौतमनं मान आणखी खाली घातली. मेधाबाईंना वाटलं, झालं, पकडला चोर. इतिहास शिकवायला त्यांनी हौसेनं आठवीचा ब्लॉग काढला होता. शाळेत इंटरनेट नुकतंच आलेलं. माणसानं जनावरं कशी माणसाळवली, ते मुलांनी घरच्या मोठ्यांना विचारून लिहायचं होतं. बाकीच्यांनी पुस्तकातल्या चार ओळी उतरवल्या. गौतमला एरवी दोन ओळी मराठी धड येत नसत, आणि या पठ्ठ्यानं पानभर असं काही लिहिलं की बाईंचा विश्वासच बसेना. त्यांनी लेखाखाली, सगळ्या वर्गाला दिसेल असं, ठोकून दिलं: ‘ही चोरी आहे.’ आज खुलासा झाला नाही तर आबिड्सच्या आंतरशालेय स्पर्धेतून त्याचं नाव कटणार होतं. आईवडील नोकरीवर, म्हणून आजी-आजोबा आले होते. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नव्हतं.

“पुढे ऐका,” बाई म्हणाल्या. “‘तिच्या कळपातलं कुणी आलं तर वर्षभर समोर येऊ देऊ नये. सगळ्यांचं झालं की उरेल ते तिला घालावं. हंबरली तरी कुणी उठू नये, आपोआप थांबते. पहिलं रेडकू झालं की दावं सोडून टाकावं. मग ती कुठं जात नाही.’”

“उरलंसुरलं घातल्यावर दूध काय देईल ती?” भगवंतराव चिडलेच. “कुणी सांगितलं रे तुला हे?”

“आजीनं,” गौतम पुटपुटला.

“हिनं? गोठा सगळा गड्यांकडं होता. हिला म्हशीतलं काय कळतं?”

गौतमची आजी पद्मावतीबाई इतका वेळ दाराजवळच्या स्टुलावर बसून होत्या.

“हौ, काही नाही कळत,” त्या म्हणाल्या. “पोरगं विचारत होतं, परक्या घरी आणलेलं जनावर रुळतं कसं. मला जनावराचं काय ठाऊक? मी बारा वर्षांची होते. जयवंता होते, तुमच्या घरी पद्मावती झाले. जशी रुळले तसं सांगितलं त्याला. म्हैस त्यानं घातली.”

मेधाबाईंना आठवलं, लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं ते ‘मेधा’. किती कौतुकानं वाकून पाहिलं होतं आपण! त्यांनी लेखाखालची ती ओळ पुसून टाकली.

अठ्ठावन्न वर्षांच्या संसारात बायकोचं एवढं बोलणं भगवंतरावांनी एका दमात कधी ऐकलं नव्हतं.

“काय बोलतीस गं?” ते कसेबसे म्हणाले. “तुला काय कुणी बांधून ठेवलं होतं?”

पद्मावतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“थोरला झाल्यावर नाही.”