बावीस कचरागाड्या

"रांग लांब कुणाची दिसतेय?" निंबसरचे नगराध्यक्ष विश्वासराव डोईफोडे यांनी ड्रायव्हरला चौथ्यांदा विचारलं.

"आपलीच, साहेब."

विश्वासरावांना बरं वाटलं. महामार्गाच्या फाट्यावर उड्डाणपूल व्हावा म्हणून निंबसर आणि शेजारच्या धोंडखेडनं एकत्र अर्ज केला होता. पण अर्जासोबतच्या फोटोत धोंडखेडच्या बाजूची वाहनांची रांग लांब निघाली, तेव्हापासून विश्वासरावांच्या अंगाचा तिळपापड होत होता. नाट्यगृह धोंडखेडचं मोठं, तलाव त्यांचा मोठा, आता वाहतूककोंडीही त्यांचीच मोठी? म्हणून आज पाहणीच्या दिवशी त्यांनी पालिकेच्या बावीस कचरागाड्या आपल्या बाजूच्या रांगेत घुसवल्या होत्या.

दिल्लीहून आलेले अधिकारी थबकले. "एवढ्या कचरागाड्या? चालल्यात कुठे?"

विश्वासराव रुमालानं चष्मा पुसू लागले. बनाव उघडा पडला असता तर दोन्ही शहरांच्या हातचा निधी गेला असता.

"आमच्याकडे, साहेब," धोंडखेडच्या नगराध्यक्षा मंदाताई गवारे शांतपणे म्हणाल्या. "त्यांचा कचरा आमच्या डेपोत येतो. रोजचंच आहे हे."

अधिकाऱ्यांनी विश्वासरावांकडे पाहिलं. धोंडखेडच्या दारात आपला कचरा टाकतो असं कबूल करायचं म्हणजे मरणच. पण मान डोलवण्यावाचून इलाज नव्हता.

अधिकारी पुढे गेल्यावर मंदाताई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "उद्यापासून खरंच पाठवा, भाऊ. तुमच्या डेपोला आग लागलीय म्हणे. आमच्याकडे जागा आहे."

विश्वासरावांनी हात जोडले खरे, पण पोटात दुखायचं ते दुखलंच. आता मोठं मनही धोंडखेडचंच!