इबेरियन बाईचं हसू

चोवीसशे वर्षांपूर्वीची, प्राचीन स्पेनमधल्या इबेरियन बाईची ती दगडी मूर्ती पडद्यावर सगळी निळी दिसत होती, फक्त ओठ लाल. हस्तवाचक यंत्र छिन्नीच्या घावांवरून हात ओळखायचं. निळा रंग मूळ शिल्पकाराचा. लाल संग्रहालयातल्या मूर्तींची डागडुजी करणाऱ्या आन्सेल्मोचा; यंत्राला तुलनेसाठी नमुना म्हणून संग्रहालयातल्या एका फुटक्या दगडावर सकाळी त्यानंच दहा घाव घालून दिले होते.

रेमेदिओसनं नवऱ्याकडे, आन्सेल्मोकडे पाहिलं. या हसण्यावर तिची तीन पुस्तकं होती. ‘मृत्यूशी केलेला समेट’ असं तिनं त्याला नाव दिलं होतं, आणि विद्यार्थी ते परीक्षेत लिहीत होते.

“मूर्ती साफ करताना माझ्या हातून कपचा उडाला,” आन्सेल्मो म्हणाला. “मग मी नवे ओठ कोरले. सांगणारच होतो, पण तोवर तुझा पहिला निबंध छापून आला.”

“आणि नंतरची एकतीस वर्षं?”

“दरवर्षी तुझं आणखी काहीतरी छापून येत गेलं.”

ती पडद्यावरच्या लाल ओठांकडे वळली. मग तिनं विचारलं, “मूळचे ओठ कसे होते?”

“त्यांच्यावर चुन्याचा जाड थर होता. त्या थराबरोबरच ते निघून आले. मीही पाहिले नाहीत.”